आत्याचा कॅमेरा आणि आतोबांची डावी बाजू

आमच्या आत्याने जन्मभर माणसांचे फोटो काढले, पण त्यांतल्या एकाही फोटोत माणसाचा चेहरा नाही. ती एका मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढायची. कुणाचा गुडघा, कुणाची छाती, कुणाचं मनगट. रस्त्यात एखादा माणूस थांबून "ओळखलंत का बाई?" म्हणाला, की आत्या सरळ सांगायची, "चेहऱ्याने नाही ओळखलं. मोडलं काय होतं ते सांगा." त्याने डावा खांदा म्हटलं की तिला सगळं आठवायचं, सोबत आलेली त्याची बायको किती बोलत होती हेसुद्धा.

दवाखान्यात तिचं नाव पडलं होतं हलूनकाबाई. माणसाला टेबलावर नीट निजवायचं, "श्वास घ्या, रोखून धरा, हलू नका" असे हुकूम सोडायचे, लगबगीने शेजारच्या खोलीत जायचं, शिशाच्या जाड काचेतून त्याच्याकडे बघत बटण दाबायचं आणि तिथूनच ओरडायचं, "सोडा." हा क्रम तिच्या हाडीमाशी खिळला होता. घरात कुणाच्या पायातला काटा काढायचा असला तरी तेच, डोळ्यांत औषध घालायचं असलं तरी तेच. माझे वडील, म्हणजे तिचे धाकटे भाऊ, म्हणतात की ताईकडे सुट्टीला गेलेली मुलं निळी पडून परत यायची. वडिलांना तिखटमीठ लावायची सवय आहे, पण हे खरं आहे. त्या मुलांपैकी मी एक.

तिचे यजमान, आमचे आतोबा, म्हणजे अगदी दुसरं टोक. ते एका हॉटेलात स्वागताच्या टेबलामागे उभे असत. हसणं हीच त्यांची नोकरी होती आणि ती त्यांनी इमानेइतबारे केली. दिसायला देखणे, आणि आपण देखणे आहोत हे त्यांना पक्कं ठाऊक. घरात कुणीही कॅमेरा बाहेर काढला की आतोबा कुठूनही येऊन मधोमध उभे. आमच्या घरच्या सगळ्या फोटोंत ज्याचा वाढदिवस तो कडेला सरकलेला असतो आणि मध्ये आतोबा असतात, टाय सरळ, मान किंचित कललेली. आत्या म्हणायची, "यांना मधे उभं राहायला मिळावं म्हणून लोक लग्नं करतात." तिने स्वतः काढलेला त्यांचा फोटो मात्र एकच, आणि तो छातीचा. "बाहेरून यांना सगळ्या जगाने बघितलंय. आतून फक्त मी," असं ती तोऱ्यात सांगायची.

मग एका सकाळी आतोबा चूळ भरायला गेले आणि तोंडातलं पाणी एका बाजूने आपोआप ओघळलं. चेहऱ्याची नस सुजली होती. तोंडाची डावी बाजू खाली आली, शब्द सांडायला लागले. डॉक्टर म्हणाले, बहुतेक लोक पूर्ण बरे होतात. आतोबा बरेच बरे झाले, पूर्ण नाही. बोलणं सुधारलं, पण चेहरा दोन बाजूंनी दोन तऱ्हेने वागायचा तो वागतच राहिला. अनोळखी माणसाच्या ते चटकन लक्षातही आलं नसतं, पण आतोबांना आरशात दुसरं काही दिसेचना. हॉटेलात त्यांनी स्वतःहून आतल्या खोलीतलं टेलिफोनचं काम मागून घेतलं. घरी बाहेरच्या खोलीतली खुर्ची अशी वळवून ठेवली की डावी बाजू कायम भिंतीकडे. जेवायच्या टेबलावर आत्या आपोआप त्यांच्या उजव्या हाताला बसू लागली. घरातले फोटो त्या सकाळपाशी थांबले, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. अशा समजूतदार गप्पपणाचा मला भयंकर राग येतो.

मी फरशांचे फोटो काढते. म्हणजे पोटापाण्यासाठी. एक कारखाना आहे, त्यांच्या फरशा आणि सिंकं यांची चकचकीत पुस्तकं निघतात, त्यांतले फोटो माझे. फरशी हलत नाही, लाजत नाही आणि "माझं नाक मोठं आलंय" अशी तक्रार करत नाही, त्यामुळे मी सुखी आहे. पण एवढ्या भांडवलावर सगळ्या नातेवाइकांनी मला छायाचित्रणातली अधिकारी बाई ठरवून टाकलंय.

त्यामुळे आत्या निवृत्त झाली आणि तिला कॅमेऱ्याचं मनात आलं तेव्हा फोन मलाच आला.

"तो काळा घ्यायचाय," ती म्हणाली. "लेन्स बदलता येते तो."

"आत्या, तुझ्याकडे चांगला फोन आहे की."

"फोनात फोटो निघतो. मला काढायचाय."

मग तिने खरं कारण सांगितलं. माझी आतेबहीण, म्हणजे तिची मुलगी, लांबच्या देशात असते. तिची मुलगी आता शाळेत जायला लागली आहे. त्या पोरीने आजोबांना कधी पाहिलंच नव्हतं. व्हिडिओवर बोलणं चालू असलं की आतोबा फोनच्या बाजूला, चौकटीबाहेर बसून बोलत. तिला आजोबा म्हणजे एक आवाज आणि त्यांच्या घरात लावलेला हॉटेलातला जुना फोटो, टायवाला. आता सुट्टीत मायलेकी महिनाभर राहायला येणार होत्या. ते ठरल्यापासून आतोबांनी नवीनच टूम काढली होती: त्याच महिन्यात त्यांना एका जुन्या मित्राकडे जाऊन राहायचं होतं.

"कुठला मित्र?" मी विचारलं.

"ज्याचं नावही गेल्या कित्येक वर्षांत घेतलं नाही तो. पोर आपल्याला बघून रडेल असं यांनी मनात घेतलंय. आणि खरं सांगू? अचानक समोर आले तर बिचकेलही ती. लहान आहे. म्हणून आधी फोटो पाठवायचा. आत्ताचा. फोटोत बघितलेलं माणूस नवं वाटत नाही."

"मग फोनने काढ."

"काढला होता एकदा, झोपलेले असताना. त्या फोनने त्यांचा चेहरा साबण लावून धुतल्यासारखा गुळगुळीत करून टाकला. दोन्ही बाजू सारख्या. मला खोटा फोटो नकोय."

म्हणून आम्ही दुकानात गेलो.

कॅमेऱ्याची दुकानं मला मुळीच आवडत नाहीत. पहिला कॅमेरा घेणाऱ्या माणसाला तिथे असं वागवतात की जणू तो उद्याच डोंगरावर बिबट्याचे फोटो काढायला निघालाय. आमचा दुकानदार तरतरीत होता. त्याने आत्याला "मॅडम" म्हणून खुर्ची दिली आणि पिक्सेलचे आकडे सांगायला सुरुवात केली. आत्याने ते सगळे ऐकून घेतले.

"एवढे पिक्सेल कशाला लागतात?" तिने विचारलं.

"भिंतीएवढा फोटो छापला ना मॅडम, तरी फाटत नाही."

"माझे यजमान एवढे मोठे नाहीत," आत्या म्हणाली. "कमीतले दाखवा."

मी तिच्याकडून आधीच घोकून घेतलं होतं की नवशिक्या माणसाला साधं मॉडेल पुरतं, दोन मोठ्या कंपन्यांपैकी कुठलंही चालतं, हातात बसतं ते आपलं. तिने ते फारच मनावर घेतलं. प्रत्येक कॅमेरा हातात धरून ती डोळे मिटायची आणि बोटांनी बटणं शोधायची. दुकानदार गोंधळून माझ्याकडे बघायचा. एक महागडं, वजनदार धूड तिने लगेच परत दिलं. "मनगट माझंच आहे. उद्या त्याचाच एक्स-रे काढावा लागेल."

मग त्याने नवीन पद्धतीचा, आत आरसा नसलेला कॅमेरा पुढे केला. जमाना याचा आहे म्हणाला, डोळा लावला की आत छोट्या पडद्यावर सगळं दिसतं. आत्याने डोळा लावला आणि काढला. "पडदे बघण्यात सगळी नोकरी गेली माझी. मला माणूस बघायचाय." जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्याला डोळा लावल्यावर आरशातून खरोखरचा उजेड येतो, समोरचं खरोखरचं दुकान दिसतं, हे कळल्यावर मात्र ती खूश झाली. बटण दाबलं, आतला आरसा खट्याक करून उडाला. तो आवाज तिने पुन्हा ऐकला. "हां. याला काम केल्याचा आवाज येतो," ती म्हणाली, आणि कॅमेऱ्याचं ठरलं.

लेन्सपाशी गाडी अडली. कॅमेऱ्यासोबत एक लहान लेन्स येतेच, रोजच्या वापराला ती बरी असते. तिच्या जोडीला पन्नासची, म्हणजे पन्नास मिलिमीटरची, लेन्स घे, असं मी तिला कानीकपाळी ओरडून सांगत होते. हलकी असते, स्वस्त असते, घरातल्या मंद उजेडातही चांगला फोटो देते आणि चेहऱ्याला तिच्यासारखी लेन्स नाही. फक्त तिला झूम नसतो. आत्याने ती लावून दुकानदाराकडे बघितलं आणि एकदम मागे सरकली.

"हे फार अंगावर येतायत."

"मॅडम, तुम्हीच जवळ उभ्या आहात," दुकानदार म्हणाला.

मग त्याने लांब नळीची, दूरचं जवळ आणणारी लेन्स काढली. मी डोळ्यांनी त्याला नको म्हणत होते, पण विकणाऱ्याला डोळ्यांची भाषा कळत नाही. आत्या ती लावून दुकानाच्या दाराशी गेली. रस्त्यापलीकडे एक शिंपी मशीनवर वाकून सुईत दोरा ओवत होता. आत्या कितीतरी वेळ हललीच नाही. "त्याने दोरा ओठात ओला केला," ती कुजबुजली. "आणि त्याला पत्ताच नाही मी बघतेय त्याचा." तिचा चेहरा असा उजळला होता की मी तोंड मिटून घेतलं. लांबडी लेन्स घरी आली.

नंतरचे काही आठवडे आत्याने आम्हा सगळ्यांना जेरीस आणलं. फोटो काढायचा म्हटलं की ती तुम्हाला बाहेरच्या खोलीत बसवायची, मान, खांदे, हनुवटी हाताने नीट करायची आणि मग स्वतः स्वयंपाकघरात निघून जायची. तिथून दारातून ती नळी बाहेर यायची आणि मागून हुकूम यायचा, "श्वास घे. धर. हलू नको." खट्याक. "सोड." मी तिला सांगितलं की हलू नको हे तिने स्वतःलाच सांगायला हवं, कारण एवढी जड लेन्स घरातल्या उजेडात हातात धरून काढलेला फोटो हलतोच. तिने दारात स्टूल आणलं आणि त्यावर कोपर टेकायला सुरुवात केली. मग फोटो स्वच्छ यायला लागले, आणि ते जास्त भयंकर होते. माझे वडील, शेजारच्या बाई, वर्तमानपत्र टाकणारा, सगळे छाती फुगवून, डोळे वटारून बसलेले, जणू आत्ता कुणीतरी वाईट बातमी सांगणार आहे. वडील फोटो बघून म्हणाले, "ताई, फुप्फुसं छान आलीत. मी कुठाय?"

आतोबा हे सगळं आपल्या खुर्चीतून, उजव्या बाजूने बघायचे आणि मिशीतल्या मिशीत हसायचे. तो कॅमेरा कुणासाठी आलाय हे त्यांना सांगायची हिंमत अजून कुणी केली नव्हती.

एका सकाळी आतोबा गच्चीत कुंड्यांना पाणी घालत होते. एका पानावरून त्यांनी काहीतरी किडा बोटाने उचलला, त्याच्याशी काहीतरी बोलले आणि त्याला कठड्यावर सोडलं. आत्या घराच्या पार दुसऱ्या टोकाला होती. तिने स्टुलावर कोपर टेकलं आणि बटण दाबलं. त्या फोटोत आतोबा पूर्ण आले होते, दोन्ही बाजूंनी, उन्हात, आणि मनापासून हसताना. दुपारी मी तिच्याकडे गेले तर तिने मला दारातच ओढून तो दाखवला. फरशांच्या बाईलाही कळावं इतका चांगला फोटो होता तो.

"बघ," ती म्हणाली. "झालं काम. आता पाठवते."

"दाखव," मागून आतोबा म्हणाले.

ते कधी आले ते आम्हाला कळलं नव्हतं. आत्याने कॅमेरा दिला. त्यांनी चष्मा लावला, कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्याकडे बघितलं आणि बराच वेळ बघत राहिले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"मला सांगायचं तरी होतंस," एवढंच ते म्हणाले. कॅमेरा जपून टेबलावर ठेवला आणि आत गेले. त्या दिवसापासून गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालायचं काम त्यांनी सोडलं. खुर्चीशेजारच्या खिडकीचा पडदा दिवसासुद्धा ओढलेला राहू लागला. मित्राकडे जायच्या गाडीची चौकशीही त्यांनी स्वतः फोन करून केली.

आत्याने तो फोटो पाठवला नाही. तो तिने कॅमेऱ्यातून पुसून टाकला. मला हळहळ वाटली आणि मी तसं बोललेही. ती म्हणाली, "पेशंटला सांगितल्याशिवाय मी कधी बटण दाबलं नाही. एकालाही. बेशुद्ध माणसालासुद्धा मी सांगायचे, आता फोटो काढतेय म्हणून. आणि यांच्या बाबतीत विसरले."

आम्ही दोघी स्वयंपाकघरात चहा घेत बसलो होतो. लांबडी लेन्स टेबलावर उभी होती. आत्या तिच्याकडे बघत म्हणाली, "मला एक सांग. मी फोटो काढायला प्रत्येक वेळी इकडे का येते?"

मला ते इतके दिवस गमतीचं वाटत होतं, म्हणून मी हसले. ती हसली नाही.

"ती माणसं घाबरलेली असायची गं. थंडगार टेबल, अंगावर पातळ कपडा, काहीतरी दुखतंय. त्यांना हलू नका म्हणायचं आणि नेमकं त्याच वेळी आपण दार लावून निघून जायचं. नियमच होता तो, किरण अंगावर घ्यायचे नसतात. काही जण विचारायचे, तुम्ही कुठे चाललात? मी म्हणायची, आलेच. हे अंगात भिनलंय माझ्या. फोटो काढायचा म्हणजे माणसाला एकटं सोडून लांब जायचं, काचेआडून बघायचं. यांना बरं नव्हतं तेव्हाही मी तेच केलं. सगळी औषधं वेळेवर दिली, मालिश करणारी बाई लावली, आणि टेबलावर त्यांच्या उजवीकडे जाऊन बसले. इतक्या वर्षांत त्यांच्या या गालाकडे मी नीट बघितलेलं नाही."

तिने हे बोलताना स्वतःचाच डावा गाल दाखवला. अशा वेळी मला कामाचं बोलता येतं, म्हणून मी कामाचं बोलले. म्हटलं, "ही लेन्स दीड मीटरच्या आत काही घेतच नाही. जवळच्या माणसावर हिचा फोकस बसत नाही. चल, बदलून आणू."

दुकानदाराने कुरकुर केली. वापरलेली लेन्स परत कशी घेऊ, खोक्याला खरचटलंय, वगैरे. मी फरशीवाल्यांशी घासाघीस करून तरबेज झालेली आहे. थोडं नुकसान सोसून पन्नासची लेन्स आमच्या हातात आली. आत्याने ती तिथेच लावली आणि दुकानदाराकडे बघितलं. या वेळी ती मागे सरकली नाही.

"यात मोठं करायचं कसं?" तिने विचारलं.

"पायाने मॅडम," तो म्हणाला. "दोन पावलं पुढे जायचं."

सराव माझ्यावर झाला. माझ्यापासून दोन हातांवर उभं राहायला तिला जड जात होतं. डोळा लावला की ती स्वतःच श्वास रोखायची. मला हुकूम सोडायची जीभ तिने महत्प्रयासाने आवरली होती, पण त्या जागी काय बोलायचं ते तिला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, काहीही बोल. मग ती मला माझ्या कारखान्याबद्दल विचारायला लागली आणि मी मालकाच्या नावाने बोटं मोडायला लागले, आणि त्या भरात तिने काढलेला माझा फोटो मी आजही सगळीकडे वापरते. तोंड उघडं आहे, एक हात हवेत आहे, पण ती मी आहे.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी आत्याने मला बोलावून घेतलं आणि मी पोचताच मला स्वयंपाकघरात पिटाळलं. "तू इथे बस. बाहेर यायचं नाही." इतके दिवस जिथून ती फोटो काढायची तिथे आता मी होते. दार तिने पूर्ण लावलं नव्हतं, आणि मीही काही डोळे मिटून बसणाऱ्यांपैकी नाही.

आतोबा त्यांच्या खुर्चीत होते. आत्या त्यांच्या समोर स्टूल घेऊन बसली. कॅमेरा मांडीवर.

"अहो, तुमचा फोटो काढायचाय."

आतोबांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"मागच्या वेळी विचारलं नाही, चुकलं माझं. आज विचारतेय. नाही म्हणालात तर हा कपाटात जाईल आणि पुन्हा विषय काढणार नाही."

"पोरगी घाबरेल गं," आतोबा म्हणाले. त्यांचा हॉटेलातला भारदस्त आवाज कुठल्या कुठे गेला होता. "आपल्याला बघून एखादं मूल आईच्या मागे लपलं तर... दुसऱ्या कुणाचं असतं तर चाललं असतं."

"मी घाबरले का?"

"तुझं काय. तू दिवसभर लोकांच्या कवट्या बघून आल्यावर जेवायचीस."

आत्या हसली, आणि मग आतोबाही थोडे हसले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "एक काढ. या बाजूने." त्यांनी खिशातून कंगवा काढून केस सारखे केले. आत्याने उजव्या बाजूने फोटो काढला आणि त्यांना दाखवला.

"देखणे दिसताय," ती म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. मला दारातूनही दिसत होतं.

आतोबांनी चष्मा लावून बघितलं. मान डोलावली. "हो. पण हा तर तिच्याकडे आहेच," ते म्हणाले. "ती इथे येऊन याला शोधत बसेल."

मग ते उठले. खुर्ची जड होती. तिचे पाय फरशीवर करकरले. मी मदतीला जाणार होते, पण आत्यासुद्धा जागची हलली नव्हती, म्हणून मीही थांबले. त्यांनी खुर्ची पूर्ण वळवली, खिडकीचा पडदा बाजूला सारला आणि बसले. दुपारचा सगळा उजेड त्यांच्या डाव्या गालावर आला.

आत्या स्टूल घेऊन पुन्हा त्यांच्या समोर आली आणि पुढे सरकली. इतकी, की दोघांचे गुडघे लागले. मग सवयीने तिने हात पुढे केला, हनुवटी बोटांनी थोडी वर उचलली आणि नीट झाल्यावरही हात काढला नाही. तळवा त्या गालावर तसाच राहिला. आतोबांनी डोळे मिटून घेतले. मी तेवढ्यापुरतं खरोखर दुसरीकडे बघितलं.

"श्वास धरायचा का?" आतोबांचा आवाज आला.

"नको," आत्या म्हणाली. "घेत राहा."

यावर ते जे हसले ते मोठ्याने हसले, आणि त्या हसण्यात खट्याक झालं.

फोटो त्याच संध्याकाळी गेला. कुठेही गुळगुळीत न केलेला. हसताना आतोबांचं तोंड एका बाजूला वर जातं आणि डावा डोळा आपोआप मिटतो. ते सगळं त्यात आहे, एक न एक सुरकुतीसकट. पाठवून झाल्यावर आत्या घरभर उगाच वस्तू उचलून ठेवत होती आणि आतोबा बंद टीव्हीकडे बघत बसले होते. मला घरी जायचं होतं, पण पाय निघेना.

पलीकडे सकाळ झाली आणि आतेबहिणीचा फोन आला. आत्याने तो हातात धरला, आतोबा नेहमीसारखे चौकटीबाहेर सरकले. पडद्यावर आतेबहीण नव्हतीच. पोरीनेच फोन बळकावला होता आणि तिचं नाक सगळ्या पडद्यावर पसरलं होतं.

"आजी," ती म्हणाली, "आजोबा फोटोत डोळा का मारतायत?"

आत्याने आतोबांकडे बघितलं.

"मला पण येतो," पोरगी म्हणाली आणि तिने दोन्ही डोळे गच्च मिटले. उघडले. पुन्हा मिटले. "नाही येत. आईला पण नाही येत. आजोबांना बोलव ना, त्यांना विचारायचंय कसा मारायचा."

मग आतोबांनी हात लांब केला आणि आत्याच्या हातातून फोन घेतला. तो त्यांनी अगदी तोंडासमोर धरला, चौकटीच्या मधोमध.

"हे बघ," ते म्हणाले, "आधी हसायचं. मग तो आपोआप मिटतो."